ताटातलं नाव

आमच्या ठाण्यातल्या खोपटच्या चाळीत एक दार असं होतं, की त्यावरचं नाव दर पंधरा दिवसांनी बदलायचं. खोली तीच, आत राहणारा माणूस तोच. पण दारावर आज कोणी वकील, पुढच्या पंधरवड्यात शिवणक्लास, त्याच्या पुढे हार्डवेअरचं दुकान. नवा पोस्टमन आला की आधी आमच्या दारात यायचा. "त्या खोलीत नक्की राहतं कोण हो?" आम्ही सांगायचो, "पेंटर." तो म्हणायचा, "अहो, तिथं तर दातांचा दवाखाना लिहिलाय."

पेंटरला नाव होतं. मला ते माहीत आहे. पण इथं लिहीत नाही, कारण माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव कुठं लिहायचं नाही, हे त्यानंच मला शिकवलेलं.

कामाला तो बसडेपोत. तेव्हा गाडीच्या कपाळावर पत्र्याची पाटी असायची, गावाचं नाव लिहिलेली. गाडी फिरली की कंडक्टर पाटी बदलायचा. त्या पाट्या हा रंगवायचा. संध्याकाळी घरी आला की बाहेरची कामं, घरांच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड. आणि त्याची पद्धत अशी, की कोणाचंही नाव पक्क्या पाटीवर उतरवण्याआधी ते स्वतःच्या दारावर रंगवायचं, पंधरा दिवस येताजाता बघायचं, आणि मग रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाकायचं. "रोज बघून वीट येतो का ते तपासायला लागतं," म्हणायचा. "गिऱ्हाइकाला जन्मभर बघायचंय."

एकदा त्या दारावर प्रसूतिगृह होतं. खाली झोकदार बाण काढलेला. भर दुपारी एक माणूस बायकोला रिक्षातून घेऊन आला. ती खाली कळा देतेय आणि हा वर येऊन दार बडवतोय. आतून पेंटर बाहेर आला, लुंगीवर, हातात लाल रंगाचा ब्रश. तो माणूस ते लाल बघून मटकन खालीच बसला. पेंटर म्हणाला, "अहो रंग आहे, उठा! बाईंना सरकारी दवाखान्यात नेऊ." आणि त्याच रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर लटकून, ब्रश हलवत, सगळा रस्ता मोकळा करत गेला. लाल ब्रश बघून ट्रकवालेसुद्धा बाजूला झाले. मुलगी झाली. बापानं नाव रंजना ठेवलं, रंगाशी काहीतरी लागतं म्हणून. ती पुढं लग्न होऊन डोंबिवलीला गेली तरी दर दिवाळीला पेंटरकडे फराळाचा डबा यायचा. चकल्या तो मला द्यायचा. त्याला दात नव्हते.

पाटी करून द्या म्हणून कोणी आलं की तो माप विचारायचा नाही. स्टूल पुढं सरकवायचा, स्टोव्हवर चहा टाकायचा आणि म्हणायचा, "बसा. हकीकत सांगा."

"कसली हकीकत?"

"नावाची. कोणी ठेवलं, का ठेवलं, दुसरं काय ठेवणार होते, ते का नाही ठेवलं."

काही लोक खूश व्हायचे, काहींना राग यायचा. एक मोठे वकील तर ताडकन उठले. "पाटी रंगवतोस की जबानी घेतोस?" पेंटर गाळणं झटकत म्हणाला, "साहेब, तुम्ही अशिलाची हकीकत न ऐकता कोर्टात उभे राहता काय?" वकील बसले. चांगले दोन तास बसले. नाव आत्यानं ठेवलेलं होतं त्यांचं. जाताना म्हणाले, आत्याला जाऊन तीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा तिची आठवण निघाली. मी बाहेर गॅलरीत विडी ओढत ऐकत होतो. वकिलाला जिना उतरताना नीट दिसत नव्हतं, मी हात दिला.

गावांच्या बाबतीतही त्याचं हेच. जे गाव पाहिलं नाही त्याची पाटी रंगवणार नाही. डोळखांबची पाटी तीन आठवडे रखडली, कारण त्याला रजा मिळत नव्हती. डेपोतले साहेब वैतागले. "अरे, चार अक्षरं काढायची आहेत!" हा म्हणाला, "साहेब, बघितलं नाही ते काढू कसं?" शेवटी साहेबांनीच त्याला गाडीत बसवून दिलं, म्हणाले जा बाबा, बघून ये एकदाची तुझी काशी. परत आला आणि पाटी अशी रंगवली की त्यातला ळ जरा डावीकडे कलला. का? तर तिथं गाडी थांबते त्या जागी एक आंबा तसा कललेला आहे म्हणे. आता प्रवाशाला ह्यातलं काय कळणार? मला वाटायचं, ह्याचा एक खिळा ढिला आहे. पण मी बघितलंय, एक म्हातारी गाठोडं घेऊन स्टँडवर उभी होती, तिला वाचता येत नव्हतं. गाडी लागली तशी पाटीकडे बघून म्हणाली, "ही आमची." आणि चढली.

मी एकदा त्याला विचारलं, "एवढं काय रे नावाचं घेऊन बसतोस?"

तो ब्रश धूत होता. धुता धुताच बोलला. "आमच्या आज्याचं नाव कचरू. गावानं ठेवलेलं. आमच्या लोकांनी चांगलं नाव ठेवायचं नाही, असा हुकूमच होता. पण त्याची आई घरात दार लावून त्याला दुसऱ्या नावानं हाक मारायची. ते काय होतं ते आता जगात कोणाला माहीत नाही. बापानं मला सांगितलं नाही, मी बापाला विचारलं नाही." मग ब्रश झटकला. "म्हणून आता सगळ्यांना विचारतो. संपलं." त्याच्या मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्या चौकटीलाही चार रंगांची बोटं लागलेली.

आता माझी हकीकत. ही मी सत्तेचाळीस वर्षं दाबून ठेवलेली.

मी दुसरीतून शाळा सोडलेली. बाप वारला, पाटी-दप्तर गेलं. अक्षर म्हणून एक येत नव्हतं, पगाराला अंगठा लावायचो. कामाला मोहन्याच्या कारखान्यात लागलेलो. तेव्हा सकाळी खोपटहून कल्याणवरून मोहन्याला एक गाडी जायची. स्टँडवर दहा गाड्या, सगळ्या सारख्या. विचारायला लाज वाटायची. म्हणून मी ती पाटी चित्रासारखी डोक्यात बसवली. पहिली एक गाठ, तिच्या पुढं काठी आणि डोक्यावर शेंडी. मधे एक नाग वेटोळं घालून बसलेला. शेवटी छोटी गाठ, तिलाही शेंडी. गाडीची वाट बघता बघता हेच बोटानं मांडीवर गिरवत बसायचो. दोन वर्षं गिरवलं. लिहिता म्हणून मला एवढंच यायचं. मोहने.

लग्न झालं. नवरी घरी आली आणि लक्ष्मीपूजनाला बसलो. आमच्यात सुनेचं माहेरचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. हे मी दुसऱ्यांच्या लग्नात बघितलेलं, पण मला वाटायचं भटजी हात धरून लिहून घेतात. भटजींनी कुठला हात धरायला! कानाशी येऊन म्हणाले, "लिहा, लक्ष्मी." आईनं ठरवलेलं नाव होतं ते.

मला दरदरून घाम फुटला. सासरची सगळी मंडळी वाकून ताटात बघतायत. माझ्या मामानं त्यांना सांगून ठेवलेलं, मुलगा सातवी पास आहे. मी अंगठी तांदळात टेकवली, आणि हाताला जे येत होतं ते हातानं लिहून टाकलं. मोहने.

भटजी वाचून थांबले. "हे काय?" सासऱ्यांनी मान वाकडी करून वाचलं. "मोहने? म्हंजे ते कल्याणच्या पल्याडचं?"

तिथं मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोललो. म्हटलं, "हो. मुद्दाम लिहिलं. तिथं माझी भाकरी आहे. तिच्या नावानं खाईन."

सासऱ्यांनी डोळ्याला उपरणं लावलं. बायकांत कुजबुज झाली, बघा हो, केवढं प्रेम. भटजी म्हणाले, "आपण मोहिनी करू, दिसायला बरं." तेव्हा माझ्या शेजारी मुंडावळ्या बांधून बसलेली, जिचा आवाज मी तोवर ऐकलाही नव्हता, ती मान वर न करता म्हणाली, "लिहिलंय तेच राहू द्या."

साखर वाटली. झालं.

खरं काय ते एकालाच कळलं. पेंटरनं वाकून ताट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दोन जिलब्या जास्त घेतल्या. दुसऱ्या दिवशी नळावर मला गाठलं. "ती शेवटची मात्रा तू तशी वळवून का काढलीस रे?"

"कशी?"

"पाटीवर तिथं खिळा आहे. त्या खिळ्याला वळसा घालून मी ती काढली. तुझ्या तांदळात कुठं होता खिळा?"

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. तो हसायला लागला, एवढा हसला की बादली भरून वाहायला लागली आणि मागच्या बायका ओरडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाला, "संध्याकाळी ये. कोणाला सांगत नाही. पण ये."

त्यानं मला अक्षरं शिकवली ती गाड्यांच्या पाट्यांवरून. क कल्याणचा, ठ ठाण्याचा, भ भिवंडीचा, श शहापूरचा, मु मुरबाडचा. जोडाक्षर आलं की आधी त्या गावाला नेऊन आणायचा. वर्षभरात मी पेपर वाचायला लागलो. फक्त ज्ञ मला अजून नीट येत नाही. ज्ञचं गाव आमच्या डेपोच्या रस्त्यावर नव्हतं.

ह्या माणसानं माझं गुपित कोणाला सांगितलं नाही. पण खोट्याला रंगही लावला नाही. आमच्या दारावर पाटी करून दे म्हटलं की म्हणायचा, "करतो की. वहिनींच्या समोर बसून हकीकत सांग, आत्ता ब्रश बुडवतो." मी सांगायचो नाही, तो करायचा नाही. सगळ्या चाळीला पाट्या, आमचं दार कोरं. आमची ही बिचारी समजायची पेंटर आळशी आहे. बोंबलाची चटणी द्यायला गेली की ऐकवायची, "काय हो पेंटर भावोजी, अख्ख्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवता, शेजारणीची नाही होत?" तो म्हणायचा, "वहिनी, तुमच्या घरून कागदपत्रं आलेली नाहीत." ही माझ्यावर डाफरायची, "कसली कागदपत्रं राहिलीत तुमची? देऊन टाका ना एकदा!"

आणि ती गोष्ट तिला एवढी आवडायची! नळावर, देवळात, कारखान्याच्या बायकांच्या हळदीकुंकवाला, जिथं जाईल तिथं सांगायची. "यांनी माझं नाव भाकरीच्या गावावरून ठेवलं. लक्ष्मी काय, घरोघर असते." रेशन कार्डावर बाबूनं मोहिनी करून दिलं, तर दुसऱ्या दिवशी परत रांगेत उभी राहून मोहने करून आणलं. बाबू म्हणाला, "बाई, हे आडनाव वाटतं." ही म्हणाली, "तुम्हाला वाटू द्या. मला नाही वाटत." तिनं एकदा पाय रोवला की मग हत्ती आणा.

ती गोष्ट सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की मी चप्पल घालून बाहेर जायचो. सांगू सांगू म्हणता म्हणता सत्तेचाळीस वर्षं गेली. ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडणार होते, तिनं मला घरून निळं लुगडं आणायला सांगितलेलं. मी लुगडं घेऊन पोचलो तेव्हा संपलेलं होतं सगळं. लोक म्हणतात हळूहळू सवय होते. काही होत नाही. खोटं बोलतात.

मग मी डोंबिवलीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो. चार महिन्यांनी नातू झाला. बारशाची तयारी सुरू झाली. मुलानं आणि सुनेनं मोबाइलमधून नाव काढलेलं, रेयांश. माझी मुलगी अंबरनाथहून आली. ती बाळाची आत्या, म्हणजे नाव ठेवायचा मान तिचा. ती म्हणाली, "दादा, ह्याच बिल्डिंगमध्ये तीन रेयांश आहेत. खालून कोणी हाक मारली की तीन खिडक्या उघडतात. आपण आईचं नाव ठेवू."

"आईचं? मुलाला?"

"मोहने. मुलाला काय झालं?"

सून माझी चांगली आहे, तोंडावर बोलते, म्हणून मला आवडते. ती म्हणाली, "ताई, मला आईंबद्दल प्रेम आहे. पण लोक विचारणार. शाळेत मोहन करतील, ऑफिसात मोहनीश करतील, तिसरा म्हणेल आडनाव नको, नाव सांगा. मी अर्थ काय सांगू? भाकरीचं गाव ही आईंची गोष्ट झाली. ह्याची भाकरी काय मोहन्याला आहे? बाबा, तुम्हीच सांगा. पटलं तर ठेवू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बघू," आणि उठून सरळ खोपटला गेलो.

चाळ केव्हाच पडली होती. त्या जागी बिल्डिंग आलेली, पेंटरला तळमजल्यावर खोली मिळालेली. ऐंशी पार केलेली, हात कापायचे, धंदा गेलेला. सगळीकडे छापील फ्लेक्स. पण दार तसंच. त्या दिवशी दारावर पिठाची गिरणी होती.

मी म्हटलं, "नातवाच्या पाळण्याला पाटी पाहिजे. मोहने."

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "बस. हकीकत सांग."

"तुला माहीत आहे रे!"

"मला माहीत असून काय उपयोग? नाव त्या पोराचं. त्याच्या माणसांसमोर सांग. मी येतो डोंबिवलीला."

"डोकं फिरलंय का तुझं? ती जन्मभर सांगत आली ती गोष्ट. आता ती गेल्यावर खोटी पाडू? मेलेल्या बाईला एवढंच होतं माझ्याकडून."

"खोटं तू बोललास. ती नाही."

"मी नाही सांगणार."

"नको सांगू," तो थंडपणे म्हणाला. "स्टेशनबाहेर जा. दहा मिनिटांत छापून देतात. काही विचारत नाहीत."

मी त्याला म्हटलं खड्ड्यात जा, आणि खरंच स्टेशनबाहेरच्या दुकानात गेलो. दुकानवाला भला माणूस. म्हणाला, "बोला काका, काय नाव?" मी सांगितलं. त्यानं मोहन टाइप केलं. मी म्हटलं मोहने. त्यानं केलं. मग विचारलं, साइज काय, रंग कुठला, मागं टेडी टाकू की फुगे, फोटो आहे का. सगळं विचारलं त्यानं. मी उभा राहून वाट बघत होतो, अजून काही विचारेल म्हणून. त्यानं मशीन चालू करायला हात नेला तसा मी म्हटलं, "राहू दे बाबा." आणि बाहेर आलो. तिथून पेंटरला फोन लावला. म्हटलं, "रविवारी ये. अकरा वाजता. आणि रंग घेऊन ये, भडव्या."

बारशाला घर भरलेलं. बायका पाळण्याभोवती, पुरुष गॅलरीत. पेंटर आला तो पांढरा रंग दिलेला कोरा पत्रा काखेत घेऊन, आणि चपलांच्या स्टँडशेजारी बसला. सुनेची आई विचारते, "हे कोण?" माझी मुलगी म्हणाली, "पेंटर काका. ते आले म्हणजे कोणाला तरी बोलायला लावणार." पाळण्याखालून, पाळण्यावरून, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, ते सगळं झालं. आता आत्या वाकणार कानात नाव सांगायला, तेवढ्यात मी उभा राहिलो.

मला भाषण येत नाही. जसं झालं तसं सांगितलं. शाळा, अंगठा, स्टँड, मांडीवर गिरवलेली पाटी, मामाची सातवी पास, ताट, घाम, आणि मग खोटं बोललो ते. म्हटलं, "भाकरी-बिकरी काही डोक्यात नव्हती माझ्या. मला लक्ष्मी लिहिता येत नव्हतं. मला काहीच लिहिता येत नव्हतं. हातात एवढंच होतं ते लिहिलं. तुमच्या आईला हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. आता तुम्हाला नाव ठेवायचं तर ठेवा, नाहीतर तुमचं ते दुसरं ठेवा."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला लिहिता येत नव्हतं? मला गणितं तर तुम्ही..." मी खाली बघितलं. फरशी चांगली होती, बघण्यासारखी.

मग सून बोलली. बाळ तिच्या मांडीवर होतं. ती हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "म्हणजे बाबांकडे सगळा मिळून एकच शब्द होता. आणि तो त्यांनी आईंना देऊन टाकला."

मला हे सुचलंच नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांत एकदाही नाही. मी गाढव, मला वाटायचं मी तिला फसवलं.

सुनेच्या आईनं पदर नाकाला लावला आणि लेकीवर ओरडली, "बघतेस काय, ठेव ना हेच!" माझी मुलगी वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, म्हणाली, "मोहने," आणि मागच्या बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती कळवळली. "अगं, हळू! नाव ठेवतेय, चोरी नाही केली!" घर हसायला लागलं. बाळ दचकून उठलं आणि भोकाड पसरलं. कुणीतरी घुगऱ्या वाटायला घेतल्या.

पेंटरनं डबे उघडले. टर्पेंटाइनच्या वासानं बायका नाक दाबायला लागल्या, सून ओरडली, "काका, बाळ आहे हो!" तर तो म्हणाला, "सवय होऊ दे त्याला, आजोबाचा दोस्त आहे मी." गॅलरीत जाऊन बसला. हात थरथरत होता, बशीतला चहा सांडत होता. पण ब्रश पत्र्याला टेकला की थरथर कुठं जायची देव जाणे. तीन अक्षरं काढायला त्यानं पाऊण तास लावला. बिल्डिंगमधले तीन रेयांश येऊन बघत उभे राहिले. त्यातल्या एकाच्या आईनं विचारलं, "आमच्या दाराला पण कराल का?" पेंटर म्हणाला, "करतो की. बसा, हकीकत सांगा." ती बाई बसली. पुढचा रविवार त्याचा त्या बिल्डिंगमध्येच गेला, आणि त्याच्या पुढचाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं नियम दाखवला, सगळ्यांच्या पाट्या स्टीलच्या, एकाच मापाच्या पाहिजेत. पेंटरनं त्याला स्टुलावर बसवलं. तास दीड तासानं सेक्रेटरी नियम खिशात घालून घरी गेला.

गेल्या वर्षी डोळे अगदीच अधू झाले तेव्हा पुतणी त्याला बदलापूरला घेऊन गेली. तिचा मला फोन येतो. "काका, ह्यांना समजवा. आमच्या दारावर ह्यांनी सायकल दुरुस्ती लिहिलंय. सकाळपासून दोन जण पंक्चर घेऊन आले." मी म्हणतो, "काढून दे त्यांचं पंक्चर." मागून त्याच्या हसण्याचा आवाज येतो.

जन्माच्या दाखल्याच्या खिडकीवर बाईंनी तीनदा विचारलं, नाव बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबर आहे, वेळ असेल तर सांगतो. मागं रांग होती, तरी सांगितलं. रांगेतल्या लोकांनी पण ऐकलं.

आमच्या वेळी नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. अगं, ऐकलंस का, कुठं गेलीस, एवढ्यावर आमचा सगळा संसार झाला. तिचं नाव मी एकदा तांदळात लिहिलं, पण तिच्यासमोर तोंडातून कधी काढलं नाही. आता पोरगं अडीच वर्षांचं झालंय आणि दिवसभर माझ्याकडेच असतं. मोहने, चप्पल तोंडात घालू नकोस. मोहने, खाली उतर. मोहने, कुठं आहेस? सोफ्याच्या मागं लपून बसतो, पहिल्या हाकेला येत नाही. मला चालतं. मी परत हाक मारतो.